'टेक'चा अर्थविचार : घेणे, नेणे आणि मधला प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास 'टेक' हे क्रियापद अगदी प्रारंभीच्या धड्यांत भेटते आणि त्याचा अर्थ 'घेणे' हाही त्याच वेळी पाठ होतो. पुढे कितीही इंग्रजी वाचन झाले तरी हे समीकरण मनातून पुसले जात नाही. फार तर त्याच्या शेपटास 'नेणे', 'धरणे', 'लागणे', 'काढणे' असे आणखी काही शब्द जोडले जातात. (आपल्या 'टेकणे'शी या शब्दाचा काही संबंध नाही, हे सांगण्याचीही कधी कधी वेळ येते.) अशी यादी वाढवीत नेल्याने 'टेक' कळते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मते ते कळत नाही. हे क्रियापद एक विशिष्ट प्रश्न उघडा ठेवते : क्रियेचा कर्ता एकीकडे, आणि जे घेतले जाते ते, किंवा ज्याच्याकडून घेतले जाते तो, दुसरीकडे, यांपैकी या क्रियेत कोणाचा वाटा किती? इंग्रजी वाक्यास हा प्रश्न मोघम ठेवून पुढे जाता येते. मराठी वाक्यास बहुधा त्याचे उत्तर देऊनच पुढे सरकावे लागते. अनुवादकाची खरी अडचण येथे आहे. शब्दांच्या तुटवड्यात नाही.

सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांविषयी मनमोकळी तक्रार केली आहे. ज्यांचा अर्थ सैल, वापर अनिश्चित आणि मूळ कल्पनेपासून दूर भरकटलेला, अशा शब्दांची एक लहानशी यादीच त्याने तेथे दिली असून तीत 'टेक' आहे. प्रत्यक्ष कोशात या एका क्रियापदाचे १३४ अर्थ त्याने नोंदविले. त्या नोंदीतील पहिल्या दोन अर्थांकडे मात्र अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही. देऊ केलेली वस्तू स्वीकारणे हा पहिला, आणि न दिलेली वस्तू बळकावणे हा दुसरा. दान स्वीकारणारा आणि दरोडा घालणारा असे दोघेही एकाच क्रियापदाचे कर्ते म्हणून जॉन्सनने शेजारी शेजारी उभे केले आहेत. उरलेल्या १३२ अर्थांपेक्षा ही जोडी अधिक बोलकी आहे. या दोहोंतील भेद घेणाऱ्याच्या हातात नाही. हात दोन्ही वेळा सारखाच पुढे होतो. भेद आहे तो समोरच्याच्या संमतीत, आणि तिच्याविषयी 'टेक' काहीच बोलत नाही.

अर्थांच्या संख्येस फार महत्त्व देण्याचे कारण नाही. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या नव्या संस्करणात 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ निश्चित झाल्याचे २०११ साली जाहीर झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. परंतु एका कोशकाराचे तीन अर्थ ते दुसऱ्याचा एक अर्थ, हे कोशव्यवहारात नेहमीचेच आहे. किती अर्थ, यापेक्षा ते कोणत्या बिंदूपासून फुटले, हे पाहणे अधिक फलदायी होय.

तो बिंदू पाहण्यासाठी इतिहासात जावे लागते. 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजीचा नव्हे. प्राचीन इंग्रजीत या अर्थाचा रूढ धातू 'निमन्' होता. जर्मन भाषेत तो 'नेमेन' या रूपाने आजही घरोघरी आहे. उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत वसाहती केल्या आणि त्यांच्या 'ताका' या धातूने पुढील काही शतकांत 'निमन्'ला हद्दपार केले. परकीय नामे भाषेत सहज येतात; परंतु रोजच्या व्यवहारातील इतके मूलभूत क्रियापद बदलणे ही विरळा घटना आहे. ज्या संपर्कातून इंग्रजीने 'दे' आणि 'देम' ही सर्वनामेदेखील स्वीकारली, त्याच निकट संपर्काचे हे फळ. जुन्या धातूचे अवशेष मात्र राहिले. 'नम' म्हणजे बधिर, अर्थात ज्याची संवेदना 'घेतली गेली' आहे तो; 'निंबल' म्हणजे चपळ, चटकन उचलणारा. आणि 'निम' हे क्रियापद काही काळ उरले ते चोरण्याच्या अर्थाने. शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या नाटकातील चोरट्या शिपायाचे नाव निम असावे, हा योगायोग नव्हे. प्रतिष्ठित जागा 'टेक'कडे गेल्यावर 'निम'च्या वाट्यास जॉन्सनचा दुसरा अर्थ तेवढा आला!

याहून मागे गेल्यास आणखी एक गोष्ट आढळते. चौथ्या शतकात वुल्फिला याने केलेल्या बायबलच्या गॉथिक अनुवादात या शब्दाचा सगोत्र धातू 'तेकन्' येतो आणि तेथे त्याचा अर्थ 'घेणे' असा नसून केवळ 'स्पर्श करणे' असा आहे. गर्दीतून मागून येऊन येशूच्या वस्त्रास हात लावणाऱ्या रुग्ण स्त्रीची कथा मार्काच्या शुभवर्तमानात आहे. तिच्या त्या क्रियेसाठी हाच धातू योजिलेला आहे. ऑक्सफर्ड कोशात 'टी' या अक्षराचे संपादन जेम्स मरे याने केले. त्याच्या मांडणीतही हात लावण्याची शारीरिक क्रिया हाच आरंभ मानून तेथून पकडणे, ताब्यात आणणे, स्वीकारणे, नेणे असा विस्तार दाखविला आहे. स्पर्श, ताबा आणि स्थानांतर या तीन पायऱ्या होत. प्रत्येक पायरीवर समोरच्याचा वाटा वेगळा असू शकतो. 'टेक' या तिन्ही पायऱ्या एका शब्दात कवेत घेते आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कर्मावरून वा संदर्भावरून ओळखण्याचे काम श्रोत्यावर सोपविते.

आता मराठीकडे वळू. 'घेणे'चे नाते संस्कृतातील 'ग्रह्' धातूशी जोडले जाते. हेमचंद्राने प्राकृतात या धातूची 'घेत्तूण', 'घेत्तुं' अशी रूपे नोंदविली आहेत आणि त्यांत आपले 'घेऊन' ओळखू येते. तेव्हा 'घेणे'चा आरंभ स्पर्शापासून नसून पकडण्यापासून आहे. असे असूनही आजच्या मराठीत 'घेणे' हे 'टेक'च्या मानाने सौम्य आहे. नुसते 'घे' म्हटले की देणारा हात गृहीत असतो. 'काल साडी घेतली' या वाक्यात पैसे दिल्याचा उल्लेख नाही, 'विकत' हा शब्दही नाही. तरी ऐकणारा किंमत विचारतो. हेच वाक्य 'टेक' वापरून शब्दशः इंग्रजीत केले आणि दुकानाचा उल्लेख केला, तर ऐकणाऱ्याच्या मनात पोलिसांचा विचार येईल. मराठीस बळजबरी सांगावयाची असेल तर ती 'घेणे'च्या अगोदर वेगळे धातुसाधित ठेवते : हिसकावून घेतले, काढून घेतले, लुबाडून घेतले. किंवा ती 'घेणे' सोडूनच देते आणि 'उचलले' म्हणते. प्राचीन जैन परिभाषेत चोरीला 'अदत्तादान' म्हटले आहे. न दिलेले घेणे. तेथेही 'आदान' हा शब्द स्वतः निर्दोष असून दोषाचे ओझे 'अदत्त' या विशेषणाने वाहिले आहे.

स्पर्शाचा अर्थ मराठीत ज्या धातूने जपला तो 'लागणे' होय, आणि येथे एक विलक्षण समांतर दिसते. वेळ, श्रम, पैसा यांच्या संदर्भात इंग्रजी 'टेक' वापरते : अमुक कामाने दोन तास 'घेतले'. मराठी म्हणते, 'मला दोन तास लागले'. दोन्ही धातूंचे मूळ स्पर्शात. दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचले. परंतु उलट दिशांनी. इंग्रजीत काम हे कर्ता असून ते वेळ गिळते. मराठीत वेळच कर्ता आहे आणि तो येऊन माणसास चिकटतो. माणूस चतुर्थीत बाजूस उभा असतो. आग, भूक, ठेच, वेड, नाद हे सारे आपल्याला 'लागतात'. अलीकडे वृत्तपत्रांत 'या कामाने तीन वर्षे घेतली' अशी वाक्ये दिसू लागली आहेत. ती कळतात, परंतु ज्याची तीन वर्षे गेली तो माणूस त्या वाक्यातून नाहीसा झालेला असतो.

परीक्षेचे उदाहरण तर सर्वांच्या अनुभवाचे आहे. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. मराठीत परीक्षा घेतो तो परीक्षक. विद्यार्थी ती देतो. यामुळे आपले विद्यार्थी इंग्रजीत 'परीक्षा दिली' अशा अर्थाचे वाक्य 'गिव्ह' वापरून लिहितात आणि आपण त्याखाली लाल रेघ ओढतो. रेघ ओढणे नियमास धरून असेलही. पण ती ओढताना त्या वाक्यामागे एक सुसंगत दृष्टी आहे, हे विद्यार्थ्यास सांगावयास हवे. आपल्या भाषेने परीक्षा हा दोन पक्षांतील व्यवहार मानला : एक मागतो, दुसरा उत्तरे देतो. इंग्रजीने दुसरा पक्ष वगळून परीक्षा हा औषधाच्या मात्रेप्रमाणे एकट्याने पत्करण्याचा अनुभव मानला. 'तास घेणे'ची गोष्टही अशीच आहे. अमेरिकन विद्यार्थी म्हणतो की मी अमुक प्राध्यापकाचा तास 'टेक' करतो, तेव्हा मराठी कानास क्षणभर अधिकारांची उलथापालथ झाल्याचा भास होतो.

येस्पर्सन याने आपल्या बृहद्व्याकरणाच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या भागात फिरणे, पाहणे, विसावणे अशा क्रियांची नामे करून त्यांस जोडलेल्या 'हॅव', 'टेक' इत्यादी क्रियापदांस 'हलकी' क्रियापदे म्हटले. क्रियेचा भार नामावर असून क्रियापद केवळ वाक्य उभे करते, असा त्याचा आशय. मराठीतील 'झेप घेणे', 'माघार घेणे', 'निरोप घेणे', 'धाव घेणे' यांस हे वर्णन बरेचसे लागू पडते. तथापि 'घेणे' जेव्हा दुसऱ्या धातूस जोडून येते तेव्हा ते मुळीच हलके नसते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून संयुक्त क्रियापदांची चर्चा आपल्याकडे झालेली आहे. 'लिहून घेतले' आणि 'लिहून दिले' यांत लेखनाची क्रिया एकच. फळ कोणाकडे गेले, एवढाच भेद, आणि तो संपूर्ण वाक्याचा अर्थ फिरवितो. संस्कृताने आत्मनेपद व परस्मैपद यांच्या द्वारे जे साधू पाहिले ते मराठीने या दोन साध्या क्रियापदांनी साधले, असे म्हणावयास हरकत नाही. 'टेक'ला हे सामर्थ्य नाही. 'जेवून घे' या दोन शब्दांत आईने भरलेली घाई, काळजी आणि 'पुढे वेळ मिळणार नाही' ही सूचना 'टेक'ने इंग्रजीत नेता येत नाही.

वरवर समान दिसणारे वाक्प्रचार तर सर्वांत फसवे. 'टेक टु हार्ट' याचे 'मनावर घेणे' असे भाषांतर सर्रास आढळते. परंतु मराठीत मनावर घेणारा कामाला लागतो. शब्द जिव्हारी लागून खंतावणाऱ्या माणसाविषयी आपण 'मनाला लावून घेतले' म्हणतो. पुन्हा 'लागणे' आलेच! 'निर्णय घेणे' हा प्रयोग इंग्रजीच्या वळणावर बेतलेला आहे, अशी हरकत आपल्याकडील भाषाशुद्धीवाद्यांनी घेतलेली आहे. हरकत घेतानाही 'घेणे' सुटत नाही, ही गंमत अलाहिदा. आमच्या मते हा प्रयोग आता मराठीच झाला आहे; त्याने कोणाचा वाटा लपविला नाही. 'बस घेणे' यास मात्र मराठी म्हणता येणार नाही, कारण बस विकत घेतली असे वाटण्याचा धोका अद्याप गेलेला नाही.

येथवरची उदाहरणे भाषाव्यवहारातील सोयी-गैरसोयींची झाली. परंतु याच अनिश्चिततेवर एका माणसाचा तुरुंगवास अवलंबून राहिला, असेही घडलेले आहे.

मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली ज्याचा मसुदा सिद्ध केला आणि जी १८६० साली कायदा म्हणून संमत झाली त्या भारतीय दंड संहितेत 'टेक' दोन महत्त्वाच्या ठिकाणी येते. कलम ३७८ मध्ये चोरीची व्याख्या आहे. तेथे मसुदाकारांनी 'टेक'वर पूर्ण विश्वास टाकलेला नाही. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे घेण्याचा उद्देश, आणि त्या उद्देशाने ती वस्तू हलविणे, अशी ती व्याख्या आहे. 'घेणे' मनात ठेवले, कृतीसाठी 'हलविणे' हे मोजता येण्याजोगे क्रियापद वेगळे नेमले, आणि संमतीचाही स्पष्ट उल्लेख केला. जॉन्सनच्या पहिल्या दोन अर्थांमधली भिंत येथे कायद्याने बांधली, असे म्हणता येईल.

कलम ३६१ मध्ये ही दक्षता दिसत नाही. सोळा वर्षांखालील मुलास किंवा अठरा वर्षांखालील मुलीस कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीवाचून, जो 'टेक' करील वा भुलवील तो अपहरणाचा अपराधी ठरे. संमती विचारात घेतली आहे ती पालकाची. नेल्या जाणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे पाऊल कोठे मोजावयाचे, याविषयी हे क्रियापद त्याच्या स्वभावानुसार मौन पाळते. वस्तूस पाय नसतात. म्हणून चोरीच्या कलमात हा प्रश्न उद्भवत नाही. माणसास असतात.

वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात, ९ सप्टेंबर १९६४ रोजी निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या बेतास आलेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आपल्या शेजाऱ्याशी विवाह करू इच्छीत होती. वडिलांनी तिला एका नातेवाइकाच्या घरी नेऊन ठेवले. (हेही एक 'टेक'च, पण त्यास कलम लागत नाही.) दुसऱ्या दिवशी ती त्या घरातून आपण होऊन बाहेर पडली, तिने त्या तरुणास दूरध्वनी करून ठरावीक ठिकाणी बोलाविले, त्याच्या गाडीत बसली, आणि पुढे ती दोघे बरोबरच राहिली. तरुणास अपहरणाबद्दल शिक्षा झाली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालपत्रातील मुख्य प्रतिपादन शुद्ध अर्थशास्त्रीय आहे. येथे अर्थशास्त्र म्हणजे शब्दार्थाचे शास्त्र. अल्पवयीन व्यक्तीस नेणे आणि तिला आपल्याबरोबर येऊ देणे, या दोन गोष्टी पर्यायवाची नव्हेत. आरोपीने काही प्रलोभन दाखविले असेल, किंवा घर सोडण्याचा तिचा मनोदय घडविण्यात त्याचा सक्रिय हात असेल, तरच त्याने तिला 'नेले' असे म्हणता येईल. आधीच बाहेर पडलेल्या व्यक्तीस सोबत करणे म्हणजे नेणे नव्हे. कोणत्याही परिस्थितीत हे दोन्ही अर्थ एकत्र येणारच नाहीत, असा सार्वत्रिक नियम घालून देण्याचे मात्र न्यायालयाने टाळले. हा संयम आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. 'टेक'चा अर्थ त्या वाक्यातील दुसऱ्या व्यक्तीच्या वर्तनाने ठरतो, हे एकदा मान्य केले की तो कोशातून कायमचा ठरवून घेता येत नाही.

न्यायालयास इंग्रजीत जो भेद अनेक पूर्वनिर्णय चाळून प्रस्थापित करावा लागला तो मराठी व्याकरणात धातूच्या रूपातच बसलेला आहे. 'ती पळून गेली' आणि 'त्याने तिला पळवून नेले' : पहिल्यात 'पळणे', दुसऱ्यात त्याचे प्रयोजक 'पळवणे'. वाक्य उच्चारताक्षणीच पाऊल कोणाचे, याचा निवाडा झालेला असतो. आणि म्हणूनच गावात अशी घटना घडली की मुलीच्या घरचे 'पळवली' म्हणतात आणि मुलाच्या घरचे 'पळून आली' म्हणतात. 'येणे', 'जाणे', 'आणणे', 'नेणे' यांत बोलणाऱ्याचे स्थान दडलेले असते, हे फिलमोर याने १९७१ मधील व्याख्यानांत दाखवून दिले. 'नी' धातूपासून 'नेणे' आणि त्यासच 'आ' लागून 'आणणे' अशी जोडी असलेल्या भाषेस ते नवे नाही. मराठीने त्या स्थानाबरोबर जबाबदारीही नोंदविली.

मात्र यावरून मराठी अधिक न्यायी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. निवाडा शब्दातच होत असल्याने तो पुराव्याच्या अगोदर होतो. मधले म्हणावे असे एकच रूप आपल्याकडे आहे : 'तो तिला घेऊन गेला'. यात 'घेणे' आणि 'जाणे' मिळून 'टेक'ची जवळजवळ पूर्ण भरपाई होते, संदिग्धतेसह. लहान मुलास शाळेत घेऊन जातात, आजारी माणसास दवाखान्यात घेऊन जातात, आणि पुढाकार ज्याचा असेल त्यास न दुखविता मैत्रिणीस नाटकाला घेऊन जातात. कलमाच्या अनुवादात 'घेऊन जाणे' वापरल्यास मूळचा प्रश्न उघडा राहतो, पण शब्द कायद्याच्या भाषेस फार घरगुती वाटतो; 'नेणे' वापरल्यास कर्त्याचे पारडे किंचित जड होते; 'पळवून नेणे' वापरल्यास न्यायाधीशास करावयाचे काम अनुवादकानेच उरकलेले असते.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम १३७ मध्ये वयाची अट मुलगा व मुलगी या दोघांस सारखी, अठरा वर्षांची, झाली. परंतु ती दोन क्रियापदे, 'टेक' आणि भुलविणे, तशीच राहिली, आणि त्यांच्यामधील 'किंवा'ही तसाच राहिला. या 'किंवा'ने दोन वेगळ्या कृती सांगितल्या आहेत. आपल्या वृत्तपत्रांत मात्र अशा प्रत्येक बातमीस एकच ठरीव वाक्य असते : 'फूस लावून पळवून नेले'. तक्रार नोंदविल्याच्या दिवशीच हे वाक्य छापून येते. त्यात कायद्यातील 'किंवा' गळून 'लावून' हे धातुसाधित आलेले असते. प्रलोभनही सिद्ध झालेले असते आणि नेणेही. मुलगी स्वतः चालत बाहेर पडली असेल, ही शक्यता त्या चार शब्दांत कोठेच उरत नाही.